पे-पर-व्ह्यू : मुष्टियुद्धातील विक्री आणि नावाची ओढ

पे-पर-व्ह्यू म्हणजे एकाच लढतीचे, त्या रात्रीपुरते, घरबसल्या काढलेले तिकीट. वाहिनीचे महिन्याचे पैसे वेगळे आणि या लढतीचे वेगळे. अमेरिकेतील व्यावसायिक मुष्टियुद्धाचा मोठा पैसा १९९० नंतर मुख्यतः याच वाटेने आला. एखाद्या मुष्टियोद्ध्याच्या नावावर किती घरे खिशात हात घालतात, ती त्याची ओढ. खानदेशात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या यात्रेत दंगल असली की हलगी वाजायच्या आधीच प्रश्न येतो, ‘शेवटली कुस्ती कोनी शे?’ उत्तरात येणाऱ्या दोन नावांवर ठरते की शेजारच्या गावाहून ट्रॅक्टर भरून येणार की नाही.

फरक एवढाच की आपल्याकडची दंगल लोकवर्गणीवर उभी राहते आणि पाहणे फुकट असते. तिथे पाहणाऱ्यालाच वर्गणी द्यावी लागते, तीही आगाऊ.

सुरुवात

घरात पैसे भरून लढत पाहण्याची सोय होण्याआधी ‘क्लोज्ड सर्किट’ हा प्रकार होता. नाट्यगृहात किंवा चित्रपटगृहात मोठा पडदा लावून थेट लढत तिकिटावर दाखवत. आपल्याकडे तालुक्याच्या गावी व्हिडिओ लावून तिकिटावर सिनेमा दाखवत असत, तसेच हे, फक्त थेट. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची पहिली लढत झाली, तेव्हा दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलरची हमी देता आली, ती मुख्यतः या पडद्यांच्या जोरावर. १ ऑक्टोबर १९७५ ची त्यांची तिसरी लढत मनिलात सकाळीच ठेवली गेली, कारण पैसे देणारा प्रेक्षक अमेरिकेत होता आणि तिथे तेव्हा रात्र होती. लढतीची वेळ मैदान ठरवत नाही, पैसे देणारा ठरवतो. हा नियम अजून बदललेला नाही.

घराघरांतल्या केबलच्या पेटीला दुरूनच ‘या घराला दाखव, त्याला नको’ असे सांगता येऊ लागले, तेव्हा खरे पे-पर-व्ह्यू सुरू झाले. १६ सप्टेंबर १९८१ च्या लेनर्ड–हर्न्स लढतीने त्याची चुणूक दाखवली. १९ एप्रिल १९९१ रोजी इव्हँडर होलिफिल्ड विरुद्ध ४२ वर्षांचा जॉर्ज फोरमन ही लढत सुमारे १४ लाख घरांनी विकत घेतली, आणि एचबीओ या अमेरिकी केबल वाहिनीच्या नव्या पे-पर-व्ह्यू शाखेचा पाया पक्का झाला.

आकडा वाचावा कसा

विक्रीचा आकडा घरांचा असतो, डोक्यांचा नव्हे. एका खरेदीमागे दिवाणखान्यात दोन माणसे असतील किंवा पंधरा. बार आणि हॉटेलांना घरगुती दराने लढत लावता येत नाही. त्यांना व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा दर बहुधा जागेच्या आसनक्षमतेवर लावतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नेवाडासारख्या राज्यात मैदानावरच्या तिकीटविक्रीची रक्कम क्रीडा आयोगाकडे नोंदवावी लागते, त्यामुळे ती खात्रीची असते. पे-पर-व्ह्यूच्या आकड्याला अशी सक्ती नाही. तो प्रमोटर, म्हणजे लढत भरवणारा, किंवा वाहिनी सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढा कळतो. विक्री चांगली झाली की सोमवारपर्यंत आकडा जाहीर होतो. पडली की कुणी बोलत नाही, आणि मग वितरकांकडून झिरपलेला अंदाज छापला जातो. म्हणून खालचे आकडे ‘सुमारे’ म्हणूनच घ्यावेत.

अमेरिकेतील सर्वांत मोठी विक्री २ मे २०१५ च्या फ्लॉइड मेवेदर विरुद्ध मॅनी पॅक्वियाओ लढतीची : ४६ लाख. दर साध्या चित्राला ८९.९५ डॉलर आणि एचडीला ९९.९५. केवळ घरगुती विक्रीतून ४० कोटींहून अधिक डॉलर जमा झाले, मैदानावरची तिकीटविक्री ७.२ कोटी. त्याखालोखाल २६ ऑगस्ट २०१७ ची मेवेदर–मॅकग्रेगर, ४३ लाख. ५ मे २००७ ची दे ला होया–मेवेदर २४ लाखांवर गेली, तेव्हा दर ५४.९५ डॉलर होता. २०१३ ची मेवेदर–कॅनेलो (मेक्सिकोचा साऊल ‘कॅनेलो’ अल्वारेझ) २२ लाख, आणि १९९७ ची कान चावण्याची ती टायसन–होलिफिल्ड लढत २० लाखांच्या जवळ. २००७ आणि २०१५ ची तुलना करताना नुसत्या खरेद्या मोजल्या तर दुप्पट दिसते, पैसा मोजला तर तिप्पट. दर वाढवूनही घरे वाढली, हे फार क्वचित घडते.

शंभर डॉलर कुठे जातात

ग्राहकाने १०० डॉलर दिले तर साधारण ४० ते ५० केबल किंवा डिश कंपनीकडेच राहतात, कारण बिल तिच्या नावाने जाते. प्रक्षेपण करणारी वाहिनी आपली टक्केवारी घेते. उरलेले प्रमोटरकडे येतात, आणि त्यातून दोन्ही योद्ध्यांचे मानधन, त्याच रात्री आधी होणाऱ्या लढतींतले खेळाडू, जाहिरात, विमा, प्रवास सगळे भागवायचे असते. बड्या योद्ध्याचा करार दोन मजल्यांचा असतो : खाली हमीची रक्कम, आणि ठरावीक संख्येच्या पुढे प्रत्येक खरेदीमागे वाटा. मेवेदर–पॅक्वियाओत वाटणी ६०–४० ठरली होती.

मेवेदरचा खरा डाव रिंगणाबाहेरचा होता. २००६ मध्ये त्याने ७,५०,००० डॉलर भरून जुन्या प्रमोटरकडून स्वतःला सोडवून घेतले. तेव्हा त्याच्या नावावर साडेतीन लाखांच्या आसपास घरे येत होती, म्हणजे चांगला पण दुसऱ्या फळीतला विक्रेता. पुढच्याच वर्षी तेव्हाचा मोठा विक्रेता दे ला होया याच्या गर्दीसमोर तो उभा राहिला. लढतीआधी एचबीओने दोघांच्या सरावाची चार भागांची मालिका सर्व सभासदांना दाखवली. तीत मेवेदरचे जुने टोपणनाव ‘प्रिटी बॉय’ मागे पडले आणि नोटांच्या गड्ड्या उधळणारा ‘मनी’ पुढे आला. लोक आता त्याला हरताना पाहायला पैसे देऊ लागले. तो हरला नाही, म्हणून पुन्हा दिले.

ओढ कशाची : नावाची की जोडीची

या विषयात सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. ‘अमक्याच्या नावावर दहा लाख विक्री होते’ असे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. कुस्तीत म्हणतात तशी जोड बसावी लागते.

गेन्नादी गोलोव्हकिन हा जाणकारांचा लाडका मिडलवेट, म्हणजे मधल्या वजनगटातला मुष्टियोद्धा. पण ऑक्टोबर २०१५ मध्ये लेम्यूविरुद्ध त्याची विक्री दीड लाखाच्या घरात राहिली. तोच माणूस सप्टेंबर २०१७ मध्ये कॅनेलोसमोर उभा राहिला आणि १३ लाख घरे आली. मेवेदरचेही तेच झाले. ४६ लाखांनंतर अवघ्या चार महिन्यांनी तो बर्टोशी लढला, तेव्हा विक्री ४ ते साडेपाच लाखांच्या दरम्यान सांगितली गेली. नाव तेच, दरही भक्कम, पण समोरचा माणूस हरणार हे आधीच ठरल्यासारखे. शिवाय मे महिन्याच्या थंड, सावध बारा फेऱ्या लोकांच्या मनात ताज्या होत्या. वाईट लढतीची शिक्षा त्या रात्री होत नाही, कारण पैसे आधीच गेलेले असतात. ती पुढच्या वेळी होते.

जोडीवाचूनही विकणारे नाव अगदी विरळा. १९ ऑगस्ट १९९५ रोजी टायसन तुरुंगवासानंतर पहिल्यांदा उतरला, समोर मॅकनीली. लढत ८९ सेकंदांत संपली, तरी १५ लाखांहून अधिक घरांनी ती घेतली होती. तिथे प्रश्न ‘कोण जिंकेल’ हा नव्हताच, ‘टायसन अजून टायसन आहे का’ हा होता. पैसे देणाऱ्याच्या मनात असा एक प्रश्न उभा करता आला तर विक्री होते. नुसते कौशल्य त्याला पुरत नाही.

समाजाची ओढ हा तिसरा धागा. दे ला होया आणि कॅनेलो यांच्यामागे मेक्सिकन वंशाचा प्रेक्षक उभा असतो, म्हणून ५ मे आणि १६ सप्टेंबर या मेक्सिकन सणांच्या आसपासचा शनिवार लास वेगासमध्ये कोण मिळवतो, यावर प्रमोटरांत झटापट होते. पॅक्वियाओमागे फिलिपिनो, फेलिक्स ट्रिनिदाद आणि मिगेल कोट्टो या मुष्टियोद्ध्यांमागे पोर्तो रिकन. घरचा माणूस म्हणून पाहणारा प्रेक्षक प्रतिस्पर्धी कमकुवत असला तरी टिकतो. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्या अंतिम कुस्तीकडे खानदेश ज्या नजरेने पाहत होता, ती नजर आणि फिलिपिन्सची पॅक्वियाओकडे पाहण्याची नजर वेगळी नाही.

एक दुखणे मात्र या पद्धतीच्या मुळातच आहे. चांगल्या लढती पैशाच्या भिंतीआड गेल्या की नव्या पोरांना नवा तारा दिसतच नाही. दे ला होया बार्सिलोना ऑलिंपिकचे सुवर्ण घेऊन सर्वांच्या टीव्हीवर आला होता, अलीही ऑलिंपिकमधूनच. फुकट पाहिलेल्या माणसासाठीच लोक पुढे पैसे देतात. एचबीओने २०१८ अखेर आणि तिची प्रतिस्पर्धी वाहिनी शोटाइमने २०२३ अखेर मुष्टियुद्ध सोडले. १३ सप्टेंबर २०२५ ची कॅनेलो–क्रॉफर्ड लढत नेटफ्लिक्सच्या साध्या वर्गणीत दिली गेली आणि कंपनीने ४.१ कोटींहून अधिक प्रेक्षक सांगितले. यांतली फार थोडी घरे शंभर डॉलर देऊन आली असती.

काय बिघडते

ग्राहक शेवटच्या घटकेला विकत घेतो. विक्रीचा मोठा भाग लढतीच्या दिवशीच, त्यातही मुख्य लढतीआधीच्या दोन-तीन तासांत होतो. त्यामुळे यंत्रणा नेमकी तेव्हाच बसते. २०१५ ला मेवेदर–पॅक्वियाओच्या रात्री केबल कंपन्यांच्या नोंदी तुंबल्या आणि मुख्य लढत पाऊण तासाने लांबवावी लागली. २०१७ ला मेवेदर–मॅकग्रेगरच्या रात्री शोटाइमचे मोबाइल प्रक्षेपण अनेकांचे अडकले आणि प्रकरण कोर्टात गेले. पॅक्वियाओचा खांदा आधीच दुखावला होता हे लढतीनंतर बाहेर आले, तेव्हाही ग्राहकांनी दावे लावले. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये ते फेटाळलेले कायम ठेवले : पैसे लढत पाहण्याचे होते, ती पूर्ण पाहायला मिळाली.

चोरी हे जुनेच दुखणे. पूर्वी छेडछाड केलेली केबलची पेटी असे, आता टीव्हीसमोर धरून लढत फुकट पुढे पाठवणारा मोबाइल.

खानदेशातून

लास वेगासमध्ये शनिवारी रात्री साडेआठला घंटा वाजली की जळगावात रविवारी सकाळचे नऊ झालेले असतात. उन्हाळ्यात फरक साडेबारा तासांचा, हिवाळ्यात साडेतेरा. भारतात मुष्टियुद्धाचे पे-पर-व्ह्यू रुजले नाही. विजेंदर सिंगच्या २०१६ च्या दिल्लीतील आणि २०१७ च्या मुंबईतील व्यावसायिक लढतीही नेहमीच्या वाहिन्यांवर, प्रायोजकांच्या पैशावरच झाल्या. महिन्याला ठरावीक रक्कम देणाऱ्या केबलच्या ग्राहकाला एका सकाळचे वेगळे पैसे मागणे इथे कुणाला जमलेले नाही.

यात्रेच्या दंगलीचे मोबाइलवर तिकीट लावायचे झाले तर हिशेब करता येतो. ४० रुपये दराने ८०० जणांनी घेतले तर ३२,००० रुपये. पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे ७५५ रुपये जातात. बाकीच्यातून कॅमेरा, जनरेटर आणि माणसे. गावात असणाऱ्याकडून पैसे मागू नयेत, तो आखाड्याच्या कडेला बसलेलाच आहे. गिऱ्हाईक म्हणजे सुरतेला, नाशिकला, पुण्याला कामाला गेलेला गावचा माणूस.

७२०पी चित्राला सुमारे ३ एमबीपीएस अपलोड सलग लागते, म्हणून चाचणीत त्याच्या दुप्पट मिळाले तरच तारीख जाहीर करावी. ही चाचणी रिकाम्या मैदानात घेऊन उपयोग नाही. यात्रेत पाच हजार मोबाइल एकाच टॉवरवर आले की वेग कोसळतो, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि शक्य तर जवळच्या घरातून तारेचे कनेक्शन घ्यावे. ३ एमबीपीएसने तासाला १.३५ जीबी डेटा जातो. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर दीड तासात चित्र थांबते, आणि शेवटची कुस्ती तर चौथ्या तासाला असते.

चैत्र-वैशाखातल्या यात्रा हा आणखी एक फास. भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या वर जातो, आणि तीनच्या उन्हात स्टँडवर लावलेला मोबाइल तापून कॅमेरा आपोआप बंद करतो. त्याला मंडपाची सावली द्यावी, कव्हर काढावे, चित्रीकरण चालू असताना चार्जर लावू नये आणि दुसरा मोबाइल सावलीत तयार ठेवावा. लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी चालू राहिली तर प्रक्षेपण हक्कभंगात अडकून मधेच बंद पडू शकते. हलगीला ती अडचण नाही. एका लॉगिनवर एकच मोबाइल चालेल अशी सोय नसेल, तर पहिल्या पाच मिनिटांत लिंक व्हॉट्सअॅपच्या गटात जाते आणि ८०० चे ८० होतात. जोडी आणि इनाम आठ दिवस आधी जाहीर करावे. मल्ल आयत्या वेळी आला नाही तर पैसे परत कसे मिळणार, हे तिकीट काढतानाच लिहिलेले असावे.