म्हैसाळचे पंप आणि बाळाची फुप्फुसं

तासगावचा बेदाणा रात्रभर पाण्यात टाकला की सकाळी टम्म फुगतो, कारण आतली साखर पाणी ओढून घेते. साखर किंवा मीठ जिकडे जास्त, तिकडे पाणी. फुप्फुसातही हाच कायदा चालतो.

पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, द्रव भरलेला असतो. तो फुप्फुसच तयार करतं: पेशी क्लोराइड आत सोडतात आणि पाणी त्याच्या मागे येतं. जन्माच्या वेळी हा व्यवहार उलटा फिरावा लागतो. कळांच्या वेळी बाळाच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतं, वायुकोशाच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, पेशी सोडियम ओढू लागतात, पेशीच्या मागच्या बाजूचा पंप ते रक्ताकडे ढकलतो, आणि पाणी निघून जातं. सातव्या महिन्यातच आलेल्या बाळाची ही तयारी अर्धवट असते, म्हणून बाळंतपणाआधी आईला कॉर्टिसोलसारखं काम करणारं स्टेरॉइड औषध देतात.

पाणी जातं कुठून? बरंचसं अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांतून. पीटर अ‍ॅग्री यांच्या गटाने १९९२ मध्ये यांचं काम दाखवलं. २००३ चं नोबेल त्यासाठीच. नळी इतकी अरुंद की रेणू एकामागे एक जातात, तरी सेकंदाला सुमारे ३ अब्ज! अ‍ॅक्वापोरिन-१ केशवाहिन्यांच्या भिंतीत असतं, अ‍ॅक्वापोरिन-५ वायुकोशाच्या चपट्या पेशींत. उंदरांना स्टेरॉइड दिल्यावर फुप्फुसातलं अ‍ॅक्वापोरिन-१ वाढतं. स्टेरॉइड पेशीत शिरतं, ग्राहक प्रथिनाला चिकटतं, केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. नवी प्रथिनं घडायला काही तास जातात.

मग नळ्या वाढल्या, पाणी निघालं, संपलं? इथेच फसगत होते. अ‍ॅक्वापोरिन-५ नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा वायुकोशाची पाणी झिरपू देण्याची क्षमता सुमारे दहापट घटली, तरी पिल्लांची फुप्फुसं व्यवस्थित कोरडी झाली. उलट सोडियमच्या वाटेतला एक घटक काढलेली पिल्लं जन्मानंतर ४० तासांच्या आत मेली. म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनेत पाइप कितीही रुंद टाका, पंप बंद असेल तर कृष्णेचं पाणी जतकडे चढणार नाही. फुप्फुसातला निचरा मुळात संथ, त्याला नळ्या आधीच पुरून उरतात. आमच्या मते स्टेरॉइडचं श्रेय अ‍ॅक्वापोरिनला फार देऊ नये. स्टेरॉइड सोडियमची वाट वाढवतं, आणि वायुकोश मिटू न देणारं सर्फॅक्टंट तयार करायला लावतं. बाळ तगतं ते मुख्यतः यामुळे.

प्रत्यक्षात २४ ते ३४ आठवड्यांत लवकर बाळंतपणाची शक्यता दिसली की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम स्नायूत, दर १२ तासांनी, एकूण ४ वेळा. सर्वाधिक फायदा पहिल्या डोसनंतर २४ तास ते ७ दिवस. चारही डोस होतील की नाही, या विचारात पहिला टाळणं ही मोठी चूक. जतहून मिरजेला पाठवायचं असेल तर पहिला डोस देऊन, वेळ कागदावर लिहूनच बाईला गाडीत बसवावं. वेळ न लिहिल्यास पुढचा डोस चुकतो किंवा दुबार होतो. प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या इथे चालत नाहीत, कारण वार (प्लासेंटा) ते बरंचसं निष्क्रिय करते. आणि आईला मधुमेह असेल तर साखर पुढचे काही दिवस वाढते, तेव्हा दिवसातून अनेकदा तपासावी लागते.