माजी सैनिकांचे अंत्यसन्मान व स्मारक-लाभ (अमेरिका)

बडतर्फीचा कलंक न लागता सेवामुक्त झालेल्या सैनिकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेचे केंद्र सरकार त्याच्या कुटुंबाला विनामूल्य देते त्या सुविधा. राष्ट्रीय दफनभूमीत जागा, नाव कोरलेली शिला, शवपेटीवरील ध्वज, लष्करी मानवंदना व राष्ट्राध्यक्षांचे स्मरणपत्र या त्यांतील मुख्य होत. राष्ट्रीय दफनभूमीत पती वा पत्नीलाही जागा मिळते.

यादवी युद्धाच्या काळात १७ जुलै १८६२ च्या कायद्याने राष्ट्रीय दफनभूमींचा पाया घातला. थडग्यांवरील सुरुवातीच्या लाकडी फळ्या लवकर कुजत. त्यामुळे १८७३ मध्ये युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅप यांनी १० इंच रुंद, ४ इंच जाड संगमरवरी शिलेचा नमुना ठरवला. १८७९ पासून खाजगी दफनभूमीतील थडग्यांनाही शिला मिळू लागली. मृताच्या श्रद्धेचे चिन्ह शिलेवर कोरता येते. मान्य चिन्हांत हिंदूंचा ॐ व शिखांचा खंडा आहेत. १९७३ मध्ये बहुतेक दफनभूमी लष्कराकडून माजी सैनिक प्रशासनाकडे गेल्या. राजधानी वॉशिंग्टनजवळची आर्लिंग्टन ही दफनभूमी मात्र लष्कराकडेच राहिली.

मानवंदनेत बिगुलावर वाजणाऱ्या ‘टॅप्स’ या २४ स्वरांच्या धूनेचा उगम वादग्रस्त आहे. रणभूमीवर पडलेल्या मुलाच्या खिशात बापाला तिचे लिहिलेले स्वर सापडले, या लोकप्रिय कथेला समकालीन आधार नाही. जुलै १८६२ मध्ये व्हर्जिनियातील हॅरिसन्स लँडिंगच्या छावणीत जनरल डॅनियल बटरफील्ड यांनी ती रचली, असे पूर्वी सरसकट मानत. त्यांचा बिगुलवादक ऑलिव्हर नॉर्टन याने १८९८ मध्ये लिहिले, की जनरलनी पत्राच्या लिफाफ्यामागे पेन्सिलीने लिहिलेले स्वर दाखवून ते वाजवायला सांगितले आणि काही स्वर लांबवले, काही आखूड केले. ही साक्ष ३६ वर्षांनंतरची असली, तरी नवरचनेपेक्षा दुरुस्तीकडेच बोट दाखवते. १८३५ च्या सुमारास प्रचलित असलेल्या ‘स्कॉट टॅटू’ या रात्रीच्या बिगुल-इशाऱ्याशी असलेले साम्य पाहता, बटरफील्ड यांनी जुनीच धून सुधारली हे मत अधिक ग्राह्य वाटते. अंत्यविधीतील तिचा पहिला वापर १८६२ च्या त्याच व्हर्जिनिया मोहिमेत झाला, असे सांगतात : शत्रू जवळ असल्याने कॅप्टन जॉन टिडबॉल यांनी बंदुकीच्या फैरींऐवजी ती वाजवायला लावली.

१ जानेवारी २००० पासून कुटुंबाने मागणी केल्यास किमान दोन गणवेशधारी सैनिक पाठवणे बंधनकारक आहे. ते ध्वजाची त्रिकोणी घडी घालून आप्तांच्या हाती देतात. ही घडी घालताना ध्वज तेरा वेळा दुमडतात; त्या प्रत्येक दुमडीचे म्हणून सांगितले जाणारे अर्थ कायद्यात नाहीत. ध्वज एकदाच मिळतो. स्मरणपत्राची प्रथा मार्च १९६२ मध्ये जॉन केनेडी यांनी सुरू केली. त्यावर विद्यमान राष्ट्राध्यक्षांची सही असते आणि आप्तांना त्याच्या एकाहून अधिक प्रती मागता येतात.