घरगुती डीएनएस सर्व्हर (लिनक्स)

घरातील यंत्रांच्या नावांना आयपी पत्ते सांगणारा, आणि बाहेरच्या नावांचे पत्ते विचारून आणून काही काळ लक्षात ठेवणारा, घरच्याच एखाद्या लिनक्स मशीनवरचा सर्व्हर. नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या या व्यवस्थेची, म्हणजे डीएनएसची, रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी अर्पानेटवरची (इंटरनेटच्या पूर्वजावरची) सगळी नावे एकाच होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे नावे आणि पत्ते यांच्या साध्या यादीत, असत. घरात दोनतीनच संगणक असतील तर ती जुनी पद्धत आजही पुरते. पण फोनवर होस्ट्स फाइलला सहसा हात लावता येत नाही, आणि तिथूनच सर्व्हरची गरज सुरू होते.

बाइंड हा मोठा डीएनएस सर्व्हर हे काम करतो, पण घरासाठी त्याच्या झोन फाइली (एकेका डोमेनच्या नोंदी) सांभाळणे म्हणजे डोक्याला ताप. सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर नेमका या आकाराच्या कामासाठी आहे. जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) ही त्याला पुरतो.

आधी मशीनला कायमचा पत्ता द्यावा, उदा. १९२.१६८.१.५, आणि तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या (समजा १०० ते २००) बाहेर ठेवावा. उबुंटूवर पहिली ठेच इथेच लागते: उबुंटूचा स्वतःचा नावे शोधणारा प्रोग्रॅम सिस्टमडी-रिझॉल्व्ड १२७.०.०.५३ वर डीएनएसचे पोर्ट ५३ धरून बसलेला असतो, त्यामुळे डीएनएसमास्क ‘पत्ता आधीच वापरात’ म्हणून बंद पडतो. रिझॉल्व्डचा स्टब लिसनर (त्या पोर्टवर ऐकणारा भाग) बंद केला की पोर्ट सुटते, पण काही आवृत्त्यांत रिझॉल्व्ह.कॉन्फ (कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचे हे सांगणारी फाइल) तरीही त्याच बंद स्टबकडे बोट दाखवत राहते आणि मशीनचे स्वतःचे इंटरनेट गेल्यासारखे वाटते. मग ती फाइलही बदलावी लागते.

डीएनएसमास्कच्या कॉन्फ (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये थोड्याच ओळी लागतात. ‘डोमेन-नीडेड’मुळे बिनटिंबाची नावे बाहेर जात नाहीत, ‘बोगस-प्रिव्ह’मुळे खासगी पत्त्यांची उलट चौकशी (पत्त्यावरून नाव विचारणे) घरातच थांबते. ‘नो-रिझॉल्व्ह’ देऊन बाहेरचे सर्व्हर (९.९.९.९, १.१.१.१) स्वतः लिहावेत. कॅशची (लक्षात ठेवलेल्या उत्तरांची) मूळ मर्यादा १५० नोंदींची असते. १००० करायला हरकत नाही. सुरू करण्यापूर्वी ‘--टेस्ट’ लावून फाइल तपासावी.

घराच्या डोमेनला ‘.लोकल’ नाव देऊ नये. ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय यंत्रांनी एकमेकांना नावे विचारण्याच्या पद्धतीसाठी) राखीव आहे आणि अनेक लिनक्स वितरणांत अशी चौकशी डीएनएसपर्यंत पोहोचतच नाही. मग थेट डीएनएसला विचारणारी ‘डिग’ आज्ञा बरोबर पत्ता दाखवते आणि ‘पिंग’ म्हणते नाव सापडत नाही! २०१८ पासून घरगुती वापरासाठी ‘होम.आर्पा’ राखून ठेवलेले आहे. तेच कॉन्फ फाइलच्या ‘लोकल’ आणि ‘डोमेन’ या ओळींत लिहावे, सोबत नुसत्या नावांना डोमेन जोडणारे ‘एक्सपांड-होस्ट्स’ द्यावे.

डीएनएसमास्क घरची नावे त्याच मशीनच्या होस्ट्स फाइलमधून (एट्सी-होस्ट्स) वाचतो, आणि तिथे डेबियनचा एक सापळा आहे. इन्स्टॉलर मशीनचे स्वतःचे नाव १२७.०.१.१ समोर लिहून ठेवतो. समजा मशीनचे नाव ‘नॅस’ आहे. लॅपटॉपने ‘नॅस.होम.आर्पा’ विचारले की उत्तर १२७.०.१.१, म्हणजे लॅपटॉप स्वतःच. एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची आज्ञा) नॅसवर न जाता स्वतःचेच दार ठोठावते. त्या ओळीत १९२.१६८.१.५ घालावे. होस्ट्स बदलल्यावर डीएनएसमास्कला हप सिग्नल (फाइल पुन्हा वाच असा इशारा) पुरतो, कॉन्फ बदलली तर मात्र रीस्टार्टच.

शेवटी राउटरच्या डीएचसीपीमध्ये (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेमध्ये) डीएनएस म्हणून हा पत्ता भरावा. दुसऱ्या रकान्यात ‘असू दे’ म्हणून ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) भरणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. तो रकाना राखीव खेळाडू नव्हे. यंत्रे त्यालाही केव्हाही विचारतात, आणि तिथून ‘असे नावच नाही’ हे उत्तर आले की शोध तिथेच संपतो. घरची नावे मग कधी चालतात, कधी नाही. आयपीव्ही६ चालू असेल तर राउटर वेगळ्या वाटेने स्वतःचा डीएनएस पत्ता जाहीर करत असतो, तोही पाहावा. राउटर हे काहीच बदलू देत नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करून ते कामही डीएनएसमास्ककडे द्यावे. दोन्ही डीएचसीपी एकदम चालू ठेवू नयेत.

फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडावे, पण घरापुरतेच. ते इंटरनेटला दिसले तर इतरांवरच्या हल्ल्यांसाठी वापरले जाते.

डीएनएससेक (उत्तरांवरच्या डिजिटल सह्या तपासणे) लावायचे असेल तर घड्याळाकडे लक्ष द्यावे. रास्पबेरी पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत बॅटरीवरचे घड्याळ नाही. वीज जाऊन आली की वेळ मागे राहते, सह्या अवैध ठरतात, आणि वेळ विचारायच्या सर्व्हरचे नावही उलगडत नाही. अशा मशीनला वेळेच्या सर्व्हरचा थेट आयपी पत्ता द्यावा.