नाकारलेल्या कामगार भरपाईच्या दाव्यावरचं अपील

कामावर अपघात झाला, कामगार जखमी झाला किंवा गेला, भरपाईचा दावा कामगार भरपाई कमिशनरने फेटाळला, तर त्या निकालाविरुद्ध हायकोर्टात जायचं, याला भरपाईचं अपील म्हणतात. भारतात हे सगळं १९२३ च्या कायद्यातून आलं, जो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. आधी त्याचं नाव वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट होतं, २०१० पासून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन ॲक्ट झालं, पण कोर्टाच्या आवारात अजूनही जो तो डब्ल्यूसीचीच केस म्हणतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, खाली दिलेली कलमं मात्र जुन्या कायद्याची आहेत.

सगळ्यात मोठा घोळ 'नाकारला' या शब्दाचा आहे. मालकाने हात वर केले, ठेकेदार म्हणाला हा आमचा माणूसच नाही, किंवा इन्शुरन्स कंपनीचं नकाराचं पत्र आलं, की लोक विचारतात आता अपील कुठे करायचं. अहो, अपील अजून लांब आहे! मालकाचा किंवा विमा कंपनीचा नकार म्हणजे निकाल नव्हे, तो फक्त वाद उभा राहिला एवढंच. त्यावर आधी कमिशनरकडे मूळ अर्ज करायचा असतो, अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत (उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळते), आणि हा कमिशनर म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लेबर कोर्टाचे किंवा दिवाणी न्यायाधीशच असतात. त्यांनी पूर्ण किंवा थोडा दावा फेटाळला तर मग कलम ३० खाली हायकोर्ट.

आणि ज्याचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्याने या दारात येऊच नये, ईएसआय कायद्याच्या कलम ५३ ने ते बंदच केलं, त्याचं भांडण ईएसआय कोर्टात चालतं. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात आहे का हे आधी बघा, वर्षभर चुकीच्या कोर्टात तारखा घेतलेले लोक असतात.

कलम ३० च्या अटी मोजक्या पण कडक. मुदत ६० दिवस. वादातली रक्कम किमान दहा हजार, ही २०१७ ची दुरुस्ती, त्याआधी फक्त तीनशे रुपये होती. मालक अपिलात गेला तर भरपाईची रक्कम आधी कमिशनरकडे जमा करून तसा दाखला अपिलासोबत लावावा लागतो, कामगाराला ही अट नाही. पण खरी मेख पुढे आहे, अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असला पाहिजे. म्हणजे हायकोर्ट साक्षीपुरावा पहिल्यापासून तपासत बसत नाही. घटना काय घडली, पगार किती होता, माणूस त्या दिवशी कामावर होता का, यावर कमिशनरचा शब्द शेवटचा धरतात, सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. हां, पुरावा समोर असून वाचलाच नाही, पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, किंवा कलमाचा अर्थच चुकीचा लावला, तर तो कायद्याचा प्रश्न होतो आणि तिथेच चांगला वकील अपील उभं करतो.

म्हणून हजेरीचा कागद, हॉस्पिटलचं पहिलं केसपेपर (ज्यात 'मशीनमध्ये हात सापडला' लिहिलंय का 'घरी पडला', यावर अख्खी केस फिरते), पंचनामा, सोबत काम करणाऱ्याची साक्ष, डॉक्टरचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि शक्य असेल तर तो डॉक्टर स्वतः पिंजऱ्यात, हे सगळं खाली कमिशनरसमोरच झालं पाहिजे. हायकोर्टात बघू म्हणणाऱ्यांना हायकोर्टात फारसं काही बघायला मिळत नाही. मालक बेडवर पडलेल्या माणसाची 'सगळे पैसे मिळाले' अशी सही घेऊन ठेवतो, त्याने घाबरायचं कारण नाही, हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने रद्दच ठरतो, आणि मृत्यूची भरपाई तर कमिशनरकडेच जमा करावी लागते, परस्पर हातात दिलेली धरत नाहीत. ठेकेदार गायब झाला तरी कलम १२ मुळे मूळ मालकाला धरता येतं.

रकमेचा हिशोब पण कळलेला बरा. पगार कितीही जास्त असो, २०२० पासून महिन्याला १५,००० पर्यंतच धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक (वयाप्रमाणे कायद्यात दिलेला आकडा) २०७.९८, कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या ६० टक्के गुणिले तो, म्हणजे १८,७१,८२० रुपये. प्रेस मशीनवर तर्जनी अख्खी गेली तर कायद्याच्या परिशिष्टात त्याचे १४ टक्के, म्हणजे साधारण २ लाख ६२ हजार. एका महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवले तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

पण टक्के हे शेवटचं नसतं. १९७६ सालच्या निकालांच्या रिपोर्टमधला एक सुतार आहे, सिनेमा हॉलचं नक्षीकाम करताना पडला आणि डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं हे अंशतः अपंगत्व आहे, सुप्रीम कोर्ट म्हणालं एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणजे शंभर टक्के. टक्केवारी शरीराची नाही, कमाईची बघायची, हा मुद्दा आजही अपिलांत सगळ्यात जास्त चालतो.

उलट उदाहरण मुंबईचंच. डिसेंबर १९६१ मध्ये 'द्वारका' जहाजावरचा एक खलाशी, आधी छातीत दुखतंय म्हणून गोळ्या घेतलेला, एका पहाटे गायब झाला आणि सापडलाच नाही. कमिशनरने दावा फेटाळला, मुंबई हायकोर्टाने अपिलात तो मंजूर केला, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत फेटाळला. नोकरीवर असताना गेला हे खरं, पण नोकरीमुळे गेला हे कशावरून? ही दोन्ही टोकं जोडायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर, आणि बहुतेक दावे याच मधल्या फटीत पडतात.

खर्चाची भीती असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगार आणि महिला यांना मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. अपील मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्याला, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला पण सर्किट बेंच आहे, इचलकरंजीच्या लूमवाल्याची मुंबईवारी तेवढी वाचली.

प्रवासातल्या अपघाताबद्दल चित्र अलीकडे बदललं. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातला साखर कारखान्याचा एक वॉचमन, पहाटे तीनची ड्युटी, २२ एप्रिल २००३ ला मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कमिशनरने बायको, चार मुलं आणि आईला ३,२६,१४० रुपये आणि व्याज दिलं, विमा कंपनी अपिलात गेली, हायकोर्टाने रस्त्यावरचा अपघात म्हणजे कामावरचा नाही म्हणून ते काढून घेतलं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते परत दिलं, वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल तर घर ते कामाची वाट पण कामातच धरायची असं म्हणून. २१ नोव्हेंबर २०२५ ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात येण्याजाण्याचा अपघात सरळ लिहूनच टाकलाय आणि कमिशनरच्या जागी सक्षम प्राधिकारी आलाय, वरचं अपील मात्र हायकोर्टातच राहिलंय.