शिबिर वेगळे, मदत-मोहीम वेगळी

कोठे पूर आला, भूकंप झाला किंवा युद्ध पेटले की ओळखीच्या डॉक्टरांचा ठरलेला फोन येतो: आमच्या असोसिएशनची वर्षाला चार शिबिरे होतात, अनुभव आहे, औषधेही जमली आहेत, तर तिकडे जाऊन एक शिबिर घ्यावे म्हणतो. हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु वर्तमानपत्रातील बातमीपासून सत्काराच्या मानपत्रापर्यंत ‘आरोग्य शिबिर’ आणि ‘मानवतावादी वैद्यकीय मोहीम’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले पाहून आता वीट आला आहे.

शिबिर म्हणजे काय, हे वाचकाला सांगायला नको. रविवारची सकाळ, शाळेचा वर्ग, रक्तदाब आणि साखरेची तपासणी, पाच दिवसांच्या गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी ‘इतक्या रुग्णांनी लाभ घेतला’ अशी बातमी. मोतीबिंदूची चांगली शिबिरे याला अपवाद आहेत, कारण तेथे रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात नेले जाते आणि नंतरची तपासणीही होते. शिबिराचे खरे बळ त्याच्यामागे उभ्या असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि जिल्हा रुग्णालयात असते. आपल्याला जमले नाही तर चिठ्ठी लिहून रुग्णाला पुढे पाठवता येते.

लोक जे फरक सांगतात ते बहुधा किरकोळ असतात. उपचार दोन्हीकडे मोफतच असतात. मोहीम परदेशातच असते असेही नाही. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या 1971 मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या संस्थेने मुंबईत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर काम केले आहे. तटस्थतेचा, म्हणजे मोहिमेने लढणाऱ्यांपैकी कोणाचीही बाजू न घेण्याचा, फरक मात्र खरा आहे आणि तेथे द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव हटकून चुकीच्या जागी घेतले जाते. 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे चोळकरही होते. पण ते पथक जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनला पाठिंबा म्हणून गेले होते. त्यांच्या त्यागाला त्यामुळे उणेपणा येत नाही, तरी त्याला तटस्थ मदत म्हणता येणार नाही.

ज्या फरकापाशी अनुभवी डॉक्टरही अडखळतात तो हा, की दवाखान्यात आणि शिबिरात आपण समोर बसलेल्या रुग्णावर उपचार करतो, तर मोहिमेत आपला ‘रुग्ण’ म्हणजे तेथील संपूर्ण वस्ती असते. आणीबाणीत जगभर वापरला जाणारा औषधे व उपकरणांचा प्रमाणित संच पाहा: तो रुग्णांच्या संख्येवर मोजला जात नाही, 10,000 माणसांना सुमारे तीन महिने पुरेल अशा हिशेबाने बांधलेला असतो. परिस्थिती आटोक्यात आहे की नाही, हेही बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीवरून ठरत नाही. दिवसाला दर 10,000 लोकांमागे एकाहून अधिक मृत्यू होऊ लागले की ती आणीबाणी समजली जाते. एवढ्यासाठीच मोहिमेतील डॉक्टरला माणशी 15 लिटर पाणी मिळते का, 20 माणसांमागे एक शौचालय आहे का आणि मुलांना गोवरची लस टोचून झाली का, या चौकशांत सकाळ घालवावी लागते. असे सांगितले की ‘मग डॉक्टर कशाला हवा?’ असा चेहरा होतो, तो मला चांगला ओळखीचा आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातील आहे. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांमध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे कॉलरा पसरला. कोलकात्यात संशोधन करणारे बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस आपले पथक घेऊन तेथे पोहोचले, तेव्हा रुग्णालयाच्या खोल्यांतील जमिनीवरही रुग्ण पडलेले होते. त्या काळी शिरेतून सलाईन देणे हाच मान्य उपचार होता आणि सलाईनचा साठा संपत चालला होता. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण 20 ते 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. एकेका रुग्णाला सलाईन लावत बसणारा डॉक्टर, कितीही निष्णात असला तरी, हे साधू शकला नसता; सर्वांपर्यंत पोहोचेल असा उपचार कोणता, हा प्रश्न आधी विचारल्यामुळे ते साधले.

स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून जाणाऱ्यांना हा बदल जड जातो, कारण पंधरा-वीस वर्षे आवडीची प्रतिजैविके लिहिणाऱ्या हाताला अचानक छापील उपचारपद्धती आणि मोजक्या औषधांची यादी पाळायची असते. वेळेचे गणितही वेगळे असते. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना काही आठवड्यांसाठी जाता येते, परंतु फिजिशियनकडून बहुधा कित्येक महिने मागितले जातात. त्यामुळे दवाखान्यात आपल्या जागी कोण बसणार, हे आधी ठरवावे. रविवारला जोडून दोन दिवस सुट्टी काढून मोहीम होत नाही.

राहता राहिली जमवलेली औषधे. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाविषयी 1996 मध्येच मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत: कंपन्यांची मोफत नमुन्याची औषधे आणि रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या पाठवू नयेत, पोहोचल्यावर मुदत संपण्यास किमान एक वर्ष शिल्लक असावे आणि वेष्टनावर मूळ औषधाचे (जेनेरिक) नाव असावे. तेव्हा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हने दिलेल्या सॅम्पलच्या पट्ट्या खोक्यात भरून कृपया पाठवू नका. तेथे त्या निवडत बसायला माणूस मोकळा नसतो.