जनता दरबार : ठाणे आणि नवी मुंबई

मंत्री, खासदार किंवा आमदार ठरलेल्या दिवशी खातेप्रमुखांना शेजारी बसवून लोकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकतात आणि तिथल्या तिथे अर्जावर शेरा देतात, त्या बैठकीला जनता दरबार म्हणतात. कोणत्याही अधिनियमात या बैठकीची तरतूद नाही. लोकप्रतिनिधीचे वजन आणि एकाच छताखाली हजर असलेले अधिकारी, या दोन गोष्टींवर दरबार चालतो. कमी दाबाचे पाणी, मोडकळीस आलेल्या इमारतीचा पुनर्विकास, प्रकल्पग्रस्तांचा भूखंड, मालमत्ता कराची चुकीची आकारणी, महापालिका रुग्णालयातली गैरसोय हे इथले नेहमीचे विषय.

दरबाराची गल्लत तीन वेगळ्या गोष्टींशी होते. लोकशाही दिन हा शासन निर्णयाने घालून दिलेला प्रशासनाचा कार्यक्रम आहे. तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरतो, सुट्टी आल्यास पुढच्या कामाच्या दिवशी. जनसुनावणी ही पर्यावरण मंजुरीसारख्या प्रक्रियेतली कायदेशीर पायरी आहे. तिसरी गोष्ट विकास आराखड्यावरील हरकती-सूचनांची. या तिन्ही ठिकाणी बोललेले आणि लिहून दिलेले नोंदीवर घेण्याचे बंधन प्रशासनावर असते. दरबारात तसे बंधन नाही. त्यामुळे ती नोंद व्हावी याची काळजी अर्जदाराला स्वतः घ्यावी लागते.

पार्श्वभूमी

ठाण्यात टेंभी नाक्यावरील आनंद आश्रमात शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे (निधन २६ ऑगस्ट २००१) रात्री उशिरापर्यंत लोकांची गाऱ्हाणी ऐकत. त्यांच्याकडे शासकीय पद नव्हते, काम व्हायचे ते शब्दाच्या वजनावर. नवी मुंबईत गणेश नाईक यांचा जनता दरबार अनेक वर्षांपासून परिचित आहे. २०२५ मध्ये वनमंत्री असताना त्यांनी ठाणे शहरातही दरबार घेतला. ठाण्याचे पालकमंत्रिपद तेव्हा एकनाथ शिंदे यांच्याकडे होते आणि नाईक पालघरचे पालकमंत्री होते, त्यामुळे त्याची राजकीय चर्चा बरीच झाली.

दरबारांतली गर्दी वाढण्याचे एक साधे कारण होते. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाणे महापालिकेची मार्च २०२२ मध्ये संपली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत दोन्हीकडे प्रशासकीय राजवट होती. गटाराच्या झाकणासाठी ज्याच्या घरी जायचे तो नगरसेवकच पदावर नव्हता, आणि लहानसहान तक्रारीही थेट आमदार-मंत्र्यांपर्यंत जाऊ लागल्या. ही सवय लागल्यावर सहज सुटत नाही. प्रभाग समितीत सुटणारी तक्रार आजही पुष्कळदा पहिल्यांदा दरबारातच दिसते.

कोणाचे काम, कोणाचे टेबल

दरबारातला बराचसा वेळ चुकीच्या खात्यापुढे आलेल्या अर्जांवर जातो. नवी मुंबईत याचा घोळ अधिक आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची आणि महापालिकेची १ जानेवारी १९९२ ची. त्यामुळे महापालिका हद्दीतली इमारत परवानगी, पाणी, मलनिस्सारण आणि कर महापालिकेकडे आहेत, पण जमिनीचा भाडेपट्टा, घर किंवा भूखंड हस्तांतरण आणि साडेबारा टक्के योजना (संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची) अजून सिडकोकडेच आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक जमीन एमआयडीसीची आहे. दिघा-तुर्भ्याकडच्या काही वस्त्या तिच्याच जमिनीवर आहेत, म्हणून तिथल्या घराबद्दलचा प्रश्न महापालिकेच्या अधिकाऱ्याला विचारून उपयोग होत नाही. सातबारा, फेरफार आणि जातीचा दाखला महसूल खात्याकडे, वीजबिल महावितरणकडे, फलाट आणि रेल्वेचा पादचारी पूल रेल्वेकडे.

ठाण्यातही तसेच. मेट्रोच्या कामाने खणलेला रस्ता एमएमआरडीएचा, येऊरच्या जंगलातला विषय वन खात्याचा, वर्तकनगरच्या वसाहतींची मूळ कागदपत्रे म्हाडाची. बाकी नागरी सुविधांसाठी महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्या आहेत : नौपाडा-कोपरी, वागळे, लोकमान्य-सावरकरनगर, उथळसर, वर्तकनगर, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा आणि दिवा. नवी मुंबईत आठ विभाग कार्यालये आहेत : बेलापूर, नेरूळ, तुर्भे, वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा. अर्ज आधी तिथे द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि उत्तर आले नाही किंवा चुकीचे आले तरच दरबार गाठावा. आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक नसेल तर अधिकारी हमखास म्हणतो, “आमच्याकडे तक्रारच आलेली नाही.” त्यावर लोकप्रतिनिधीलाही काही बोलता येत नाही.

अर्ज कसा असावा

एक अर्ज, एक विषय, एक पान. तीन प्रती काढाव्यात : एक दरबारात, एक संबंधित खात्याला, एक पोच घेऊन स्वतःकडे. दरबारात हातोहात दिलेल्या आणि पोच नसलेल्या अर्जाचा पुढे पाठपुरावाच करता येत नाही.

“आमच्याकडे पाणी येत नाही, लक्ष घालावे” या अर्जावर “पाहणी करावी” एवढाच शेरा पडतो. तोच अर्ज असा लिहिता येतो : “अमुक सोसायटी, अमुक सेक्टर. पुरवठ्याची वेळ पहाटे ५ ते ६.३०. जोडणी १ इंची, सदनिका २४. मार्चपासून जमिनीखालची टाकी अर्धीच भरते. शेजारच्या इमारतीत त्याच वेळी पूर्ण दाब असतो. दि. अमुकच्या अर्जाचा आवक क्रमांक अमुक, उत्तर नाही. जोडणीची व जलवाहिनीची तपासणी करून अहवाल मिळावा.” हे वाचल्यावर पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला तिथेच सांगता येते की दोष मुख्य वाहिनीत असण्याची शक्यता कमी आहे, जोडणी किंवा झडप तपासावी लागेल. मागणी जितकी ठोस, तितके टाळणे कठीण.

जोडायचे कागद विषयानुसार बदलतात. करासाठी चालू आणि मागच्या वर्षाचे देयक लागते. पुनर्विकासासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल, प्रकल्पग्रस्तांसाठी भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत, सातबारा, वारस दाखला आणि सिडकोशी झालेला पत्रव्यवहार. सोसायटीचा प्रश्न एका रहिवाशाने मांडला तर सोसायटीची समिती नंतर हात झटकू शकते, म्हणून ठरावाची प्रत आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या हव्यात.

लोकशाही दिनासाठी मात्र विहित नमुन्यात, दोन प्रतींत, किमान १५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट प्रकरणे, अपिले, सेवाविषयक व आस्थापनाविषयक बाबी, कागदपत्रांविना आलेले अर्ज आणि अंतिम उत्तर दिले गेलेली प्रकरणे तिथे घेत नाहीत. दरबारात अशी गाळणी नसते. ते सोयीचे वाटते, पण न्यायालयातल्या वादावर शेरा मिळवून हाती काही लागत नाही.

दरबाराचा दिवस

जागा बहुधा नाट्यगृह, सभागृह किंवा शासकीय विश्रामगृह. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात असे दरबार झाले आहेत. दाराशी नोंदणी टेबल, तिथे अर्ज पाहून टोकन मिळते. चांगल्या दरबारात टोकन खात्यानुसार वेगळ्या मालिकेत देतात, म्हणजे पाणीपुरवठ्याचे सगळे अर्ज सलग येतात आणि एकाच अभियंत्याला तासाभरात मोकळे करता येते. एकच मालिका असेल तर वीस अधिकारी दिवसभर अडकतात आणि जेवणानंतर त्यांच्या खुर्च्यांवर कनिष्ठ कर्मचारी दिसू लागतात.

वेळेचा हिशेब निर्दय आहे. चार तास म्हणजे २४० मिनिटे, प्रत्येकाला ३ मिनिटे दिली तर ८० जण होतात. तीनशे अर्ज आले तर माणशी ४८ सेकंद येतात, त्यात गाऱ्हाणे ऐकणे शक्यच नाही. म्हणून अर्ज आठवडाभर आधी घेऊन खात्यांकडे पाठवणे आणि दरबारात उत्तरासह सुनावणी घेणे हीच चालणारी रीत आहे. आदल्या दिवशी साधे सुटणारे अर्ज सुटतात, समोर येतात ते खरोखर अडलेले.

बोलताना अर्जदाराने इतिहासापासून सुरुवात करू नये. आधी मागणी, मग कोणत्या टेबलावर किती दिवस अडली, शेवटी कागद. कौटुंबिक छळ, आजारपण, कर्जवसुली असे विषय ध्वनिक्षेपकावर बोलायला लावणे हा दरबारातला सर्वांत दुखरा दोष आहे. भर सभागृहात, कॅमेऱ्यांसमोर एखाद्या बाईला नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगायला लावणे म्हणजे मदत मागायला आलेल्या माणसाची शोभा करणे. अशा अर्जांसाठी वेगळी खोली आणि महिला अधिकारी ठेवायला खर्च काहीच येत नाही, तरी ते राहून जाते.

शेरा

दरबाराचे सगळे फलित अर्जाच्या कोपऱ्यातल्या दोन ओळींत असते. “योग्य ती कार्यवाही करावी” हा शेरा नसल्यासारखाच, कारण काहीच न करणेही योग्य कार्यवाही ठरवता येते. “तपासून नियमानुसार करावे” थोडा बरा. कामाचा शेरा असा असतो : “कार्यकारी अभियंता, पाणीपुरवठा यांनी ७ दिवसांत स्थळपाहणी करून अर्जदारास लेखी कळवावे, प्रत या कार्यालयास.” यात पद, मुदत, कृती आणि उत्तर कोणाला द्यायचे, चारही गोष्टी आहेत. अर्जदाराने विनंती केली तर बहुतेक लोकप्रतिनिधी असे लिहून देतात.

शेऱ्याची मर्यादाही समजून घ्यावी. महापालिकेचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, आमदार त्यांना आदेश देऊ शकत नाही. मंत्र्याचा अधिकार त्याच्या खात्यापुरता. दुसऱ्या खात्याच्या अर्जावर त्याची सही ही शिफारस ठरते. नियमात न बसणारे काम शेऱ्याने बसत नाही, आणि तसा शेरा घेऊन फिरण्यात लोकांची वर्षे जातात.

दरबारानंतर दोन दिवसांत शेऱ्याची छायाप्रत संबंधित कार्यालयाच्या आवक शाखेत स्वतः देऊन नवा आवक क्रमांक घ्यावा. मूळ अर्ज टपालाने फिरत राहतो. २००५ च्या दफ्तर दिरंगाई कायद्यानुसार कोणतीही नस्ती (फाईल) एका टेबलावर साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. ३० दिवसांत उत्तर नसेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचाराव्यात : अर्जावर तारखेनिहाय झालेली कार्यवाही, अर्ज सध्या कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आहे, आणि नस्तीवरील टिपणीची प्रत. दाखला किंवा परवान्यासारखी अधिसूचित सेवा असेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखालचे अपील जास्त उपयोगी, कारण त्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

सर्वांत जास्त फसवणूक ‘निकाली’ या रकान्यात होते. अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला की नोंदवहीत तो निकाली दाखवतात, मग पुढच्या दरबारात निकाली अर्जांचा मोठा आकडा वाचला जातो. पाठवलेले, काम झालेले आणि कारण देऊन नाकारलेले असे तीन रकाने ठेवले तर हा घोळ संपतो. नाकारलेल्या अर्जाचे लेखी कारण हेही नागरिकाच्या कामाचे असते, त्यावर अपील करता येते.

धोरणाचे प्रश्न

एकाच टेबलावर सुटणारी तक्रार आणि शासन निर्णयाशिवाय न सुटणारा प्रश्न यांना दरबारात एकच टोकन मिळते. साडेबारा टक्के योजना हे याचे ठळक उदाहरण. जानेवारी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, त्या लढ्यातून ही योजना आली. साडेबारा टक्क्यांतून ३.७५ टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात आणि ८.७५ टक्के हाती येतात, म्हणजे ४० गुंठे गेलेल्या शेतकऱ्याला ५ ऐवजी साडेतीन गुंठे. वारसांच्या वादाविना अडलेला एखाद्याचा भूखंड सिडकोचा अधिकारी दरबारात मार्गी लावू शकतो. वजावट रद्द करा ही मागणी त्याच्या हातातली नाही.

गरजेपोटी बांधलेल्या घरांचेही तेच. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, म्हणून लगत घरे उभी राहिली. फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतच्या बांधकामांचा विचार झाला. मोजणी, सीमांकन आणि आकारायची रक्कम यावरचे आक्षेप दरबारात येतात, पण त्यांची जागा नगरविकास खात्यात आहे. ठाण्यात कोळीवाडे-गावठाणे क्लस्टरमधून (समूह पुनर्विकास योजनेतून) वगळा ही मागणी याच जातीची, तर क्लस्टरच्या पात्रता यादीत नाव नसणे ही वैयक्तिक तक्रार.

अशा विषयांत दरबाराचा खरा उपयोग पुरावा गोळा करण्याचा. एकाच प्रश्नाचे शंभर अर्ज आले तर ते गाव, सर्व्हे क्रमांक आणि अडचणीच्या प्रकारानुसार एका तक्त्यात मांडले की विधिमंडळातला तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना किंवा खात्याच्या बैठकीसाठी सज्जड आधार तयार होतो. हे काम लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाने करायचे असते. ते झाले नाही तर संघटनेने स्वतः तक्ता करून द्यावा.

मुदतीचा धोका इथे सर्वाधिक आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकत लेखी आणि मुदतीत नियोजन प्राधिकरणाकडेच द्यावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार ही मुदत ३० दिवसांची. आपल्या घरावर पडलेल्या रस्त्याच्या आरक्षणाबद्दल दरबारात कितीही पोटतिडकीने बोलले आणि आमदारांनी मान डोलावली, तरी ती हरकत धरली जात नाही. पर्यावरण जनसुनावणीचेही असेच. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ३० दिवसांची सूचना देऊन, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली ती घ्यायची असते, आणि तिथे मांडलेला मुद्दाच इतिवृत्तात जातो. दरबाराच्या तारखेची वाट पाहण्यात या मुदती निघून जाऊ देऊ नयेत. आचारसंहिता लागली की अधिकाऱ्यांसह होणारे दरबार बंद पडतात, तेव्हा अर्ज थेट प्रभाग समिती, आवक शाखा किंवा ‘आपले सरकार’ तक्रार प्रणालीवर द्यावा.