विलंबित लय आणि कालभान

विलंबित लय म्हणजे हिंदुस्थानी संगीतातील संथ लय. बडा ख्याल, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार करणारा गानप्रकार, याच लयीत गातात. संगीतामुळे ऐकणाऱ्याचे कालभान कसे बदलते, हे पाहायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

उजेडासाठी डोळा, आवाजासाठी कान. काळासाठी मात्र शरीरात वेगळे इंद्रिय नाही. लय ऐकताना लहान मेंदू, बेसल गँग्लिया (मेंदूच्या आतल्या भागातील केंद्रे) आणि हालचालींची आखणी करणारे भाग कामाला लागतात, श्रोता मांडी घालून निश्चल बसला असला तरी. दोन ठोक्यांत अर्ध्या-पाऊण सेकंदाचे अंतर असले की ठेका सहज धरता येतो. अंतर दोन सेकंदांपलीकडे गेले की ठोके सुटे पडतात. पुढचा नेमका कधी, याचा अंदाज चुकू लागतो. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल फोन फिअरोर्ट यांनी १८६८ मध्येच दाखवले होते की माणूस छोटी अंतरे वाजवीपेक्षा मोठी आणि मोठी अंतरे छोटी धरतो.

अतिविलंबित एकतालात एक मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, चार सेकंदांचीही असते. म्हणजे १२ मात्रांचे आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) ४८ सेकंदांचे. नुसत्या मात्रा वाजवल्या तर ताल कुणाच्याच हाती लागणार नाही. म्हणून तबलजी मात्रेच्या पोटात लहान बोलांचा भरणा करतो आणि चार सेकंदांचे तुकडे मेंदूला पेलतील एवढे होतात. ठेक्यात ‘तिरकिट’ हा तबल्याचा बोल दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. दुसरे ‘तिरकिट’ ऐकू आले की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तीन मात्रांवर आली. जाणकार सरसावून बसतो, गायक मुखडा (समेकडे नेणारी बंदिशीची ओळ) उचलतो आणि समेवर अनेक माना एकदम हलतात.

मधल्या आलापात गुंतलेल्याला पाऊण तास कसा गेला ते कळत नाही. समेचा पत्ता नसलेला शेजारी तेवढ्यात चारदा घड्याळ पाहतो. लक्ष वेळेकडे लागले की वेळ लांबतो. हे गाण्याबाहेरही खरेच.

ही लय आणखी संथ करण्यात किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ अग्रणी होते. त्यांच्या गायकीचा प्रभाव असलेले अमीर खाँ (१९१२–१९७४) १४ मात्रांच्या झुमरा तालात रमत. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर मात्र एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. वरच्या हिशेबाने ती पावणेचार आवर्तने होतात, त्यामुळे त्या तबकड्यांवर बहुधा मध्य आणि द्रुत लयीतलेच गाणे ऐकू येते.